रिमॅपची पार्श्वभूमी: पंपाचा स्क्रू, १५०० सीसीची रेघ आणि कलम ५२

टर्बो गाडी रिमॅप करून घ्यावी का, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली फाइल बदलून ताकद वाढवावी का, ही चर्चा आपल्याकडे अश्वशक्तीचे आकडे आणि वॉरंटी याभोवती फिरते. हे कायद्यात बसतं का, असं विचारलं की एक गट सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पुढे करतो. दुसरा गट सांगतो की तो निकाल गाडीच्या सांगाड्यातल्या बदलांबद्दल होता, सॉफ्टवेअरशी त्याचा संबंध नाही. आपण इथवर कसे आलो ते पाहिल्याशिवाय या वादातून काही हाती लागत नाही.

फार जुना इतिहास थोडक्यात पुरेल. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा. त्याचं पहिलं पेटंट १९०५ चं, एका स्विस अभियंत्याचं. टर्बो बसवलेल्या पहिल्या प्रवासी गाड्या १९६२ मध्ये अमेरिकेत विकायला आल्या आणि टर्बो डिझेल प्रवासी गाडी १९७८ मध्ये आली. आपल्या विषयाला खरी कलाटणी दिली ती १९७९ ने. त्या वर्षी एका जर्मन पुरवठादाराने इंधन आणि ठिणगी दोन्ही सांभाळणारा डिजिटल कंट्रोलर गाडीत बसवला. इंजिनाने कधी किती इंधन घ्यायचं, हा निर्णय तेव्हापासून चिपमध्ये आकड्यांच्या तक्त्यांत राहू लागला. ते तक्ते बदलायचे तर चिप उपसून नवी लिहून बसवायची, म्हणून सुरुवातीची बरीच वर्षं या कामाला ‘चिपिंग’ म्हणत. आपल्याकडे आजही पन्नाशीच्या पुढचे गाडीवाले ‘चिप टाकली का?’ असंच विचारतात.

महाराष्ट्रातल्या हायवेवर मात्र ताकद वाढवण्याचा धंदा चिपच्या आधीपासून होता. ट्रकचा मायको पंप (इंजिनात डिझेल ढकलणारा पंप) उघडायचा, इंधनाचा स्क्रू थोडा फिरवायचा, कॅलिब्रेशन करून परत बसवायचा. घाटात लोडची गाडी ओढायला लागली की मालक खूश. मागे काळा धूर निघे, इंजिन तापे, पण तो हिशेब वेगळा. पंपावर शिशाचं सील असे आणि ते तुटलेलं दिसलं की पंपाला कुणीतरी हात लावलाय हे कळे. पंप-नोझलच्या या दुकानांना कोणी ट्यूनर म्हटलं नाही, पण इंजिन बनवणाऱ्याने घालून दिलेली मर्यादा आणि मालकाची गरज यांच्यातलं भांडण तिथेच सुरू झालं.

छोट्या गाड्यांत हे भांडण आलं ते २००० नंतर. २००१ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका चेक कंपनीच्या ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. १.९ लिटर टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल, ९० अश्वशक्ती. याच कुळातलं इंजिन युरोपात ११० ला मिळतं हे इथल्या हौशी मंडळींना माहीत होतं. २००४ मध्ये तिची आरएस ही वेगवान आवृत्ती आली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्तीची. युरोपात याच नावाची गाडी १८० ची होती. दोन्हीकडचे सगळे भाग सारखे होते असं नाही, पण लोकांच्या डोक्यात बसली ती तफावत. ‘कंपनीने राखून ठेवलंय, आपण काढून घेऊ’ या समजाचं मूळ इथे आहे.

हा समज पूर्ण खोटा नाही आणि त्याला सरकारी धोरणाने मोठा हातभार लावला. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या ठरली: लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. या चौकटीत बसणाऱ्या गाडीचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. कर इंजिनाच्या आकारावर लागला, ताकदीवर नाही. परिणाम उघड होता. आकार रेघेच्या आत ठेवायचा आणि ताकद टर्बोने भरून काढायची. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या पोलो जीटी आणि व्हेंटोमधलं १.६ लिटर डिझेल २०१४ मध्ये १.५ लिटर झालं त्यामागे हीच रेघ होती. तेच १.५ लिटर इंजिन पोलोत ९० अश्वशक्तीचं आणि व्हेंटोत १०५ चं म्हणून विकलं जाई.

पण या काळातलं खरं लोकांचं इंजिन म्हणजे १२४८ सीसीचं इटालियन मल्टिजेट. जानेवारी २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आलं, ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) घेऊन. पुढे ते इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत होतं. ७५ च्या आवृत्तीत साधा टर्बो होता. लिनिया, एसएक्स४, एर्टिगा यांत बदलत्या भूमितीचा टर्बो असल्याने आकडा ९० च्या आसपास जाई. म्हणजे इथे फरक लोखंडाचाही होता. ७५ ची गाडी फक्त फाइल बदलून ९० वर नेली, तर तो छोटा टर्बो त्याच्या सोयीच्या वेगापेक्षा जास्त फिरवावा लागतो. जाहिरातीत हे कोणी लिहीत नसे.

१८०० आरपीएमच्या खालचा टर्बो लॅग, म्हणजे टर्बो उशिरा जागा होणं, हे स्विफ्ट डिझेलवाल्यांचं मोठं गाऱ्हाणं होतं. गर्दीत क्लच दाबत चालणाऱ्या पुणे-मुंबईकराला वरची ताकद नको होती, खालचा पिकअप हवा होता. या मागणीवर आधी ट्यूनिंग बॉक्स चालले. ही छोटी डबी रेल प्रेशरच्या (इंजेक्टरांकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या) सेन्सरची वायर मधे अडवते आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, दाब प्रत्यक्षापेक्षा कमी आहे असं भासवते. मग ईसीयू दाब वाढवतो. सर्व्हिसिंगच्या आधी डबी काढून ठेवता येते, हे तिचं मुख्य आकर्षण होतं. पण ईसीयूला खोटी माहिती देऊन चालणाऱ्या यंत्राला मी कधी चांगलं म्हणणार नाही. रिमॅपमध्ये निदान सगळे तक्ते एकत्र बदलता येतात: टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), इंजेक्शनचा काळ. नीट काम करणारा ट्यूनर आधी स्टॉक फाइल वाचून जपून ठेवतो, डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, गाडी पळवतो आणि गिअरबॉक्स किती टॉर्क झेलतो ते पाहतो. २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयचं उदाहरण बोलकं आहे. तिचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन मीटरचं, तर तिच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या पेटीची मर्यादा २५० ची. मधली जागा दिसत होती आणि लोक तिथे गेले.

आता कलम ५२. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात हे कलम मुळात वेगळं होतं, आणि ही गोष्ट चर्चेत जवळजवळ कोणीच सांगत नाही. मूळ कलमानुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील चुकीचे ठरतील असा बदल मालकाला करायचा असेल तर त्याने आरटीओला आधी कळवायचं आणि मंजुरी घ्यायची. एवढंच नाही, आरटीओकडून ७ दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जाई. म्हणजे कायद्याने बदल करणाऱ्या नागरिकाची कल्पना केली होती, त्याच्यासाठी दार ठेवलं होतं.

२००० च्या दुरुस्तीने ते दार बंद केलं. नव्या शब्दांत, प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करायचाच नाही. अपवाद राहिले ते मुख्यतः सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनबदलाच्या मान्यताप्राप्त किटचे. त्याच दुरुस्तीत एक स्पष्टीकरणही जोडलं गेलं: ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने त्याचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. रिमॅपचा सगळा वाद या एका वाक्यावर उभा आहे. फाइल बदलली तर रचना बदलते का? आणि अश्वशक्ती हे गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य आहे का?

केरळातून गेलेल्या अपिलावर ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. राज्याच्या नियमाचा आधार घेऊन संरचनात्मक बदलांना वाव देणारा खालचा निकाल तिथे टिकला नाही. उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून गाडी हटवता येणार नाही, कारण त्या तपशिलांसह तिच्या नमुन्याची चाचणी होऊन तिला मान्यता मिळालेली असते, असा त्याचा गाभा. रंगासारखे तपशील आरटीओत नोंद करून बदलता येतात, हेही त्यात आलं. रिमॅप, ईसीयू, सॉफ्टवेअर यांच्यावर हे प्रकरण नव्हतं.

रिमॅपवाल्यांचा युक्तिवाद असा की रचनेला हात लागलेला नाही, इंजिन नंबर तोच, सीसी तीच, वजन तेच. पूर्वीच्या आरसी बुकांच्या बाबतीत यात दम होता. आता मात्र स्मार्ट कार्डाच्या नव्या नमुन्यात घनक्षमतेसोबत अश्वशक्तीचाही रकाना आहे. तिथे ७५ छापलं असेल आणि गाडी ९५ देत असेल तर ‘विसंगत’ या शब्दापासून पळता येत नाही. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद नमुन्याच्या मान्यतेचा आहे, आणि तोच मला जास्त वजनदार वाटतो: चाचणी झाली ती त्या फाइलसह झाली, म्हणून फाइल बदलली की मान्यता त्या गाडीची उरत नाही. निकालाच्याच वर्षी, २०१९ च्या कायदादुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्यात सुटे भाग बसवण्यासह कोणताही बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तिथे नाव घेतलंय ते ‘भागां’चं. सॉफ्टवेअर त्यात धरायचं का, हे कायदा सांगत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. बंदी आणि मोकळीक यांच्या मधला रस्ता, म्हणजे तपासणी करून घेऊन नोंद करण्याचा रस्ता, १९८८ च्या कायद्यात होता. तो काढून टाकताना आलेल्या भीतीचं कारण जड वाहनांचे सांगाडे आणि वाढवलेल्या बॉडी हे असेल तर ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे जबाबदारीने काम करणारा ट्यूनर आणि दोन हजार रुपयांत कुठली तरी फाइल टाकणारा, दोघे एकाच बाजूला ढकलले गेले.

या काळात एक घटना अशी घडली की तिने ‘कंपनीची फाइल म्हणजे शुद्ध फाइल’ या गृहीतकालाच तडा दिला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की एका जर्मन कंपनीच्या डिझेल गाड्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरतं उत्सर्जन कमी करत होत्या. भारतात पुण्याच्या टेकडीवरच्या चाचणी संस्थेने रस्त्यावर मोजणी केली, तेव्हा नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघालं. डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. दुरुस्तीचा मुख्य भाग काय होता? नवी फाइल. ज्यांनी आधी रिमॅप केलं होतं त्यांची फाइल या अपडेटखाली पुसली जाणार होती. अपडेटनंतर पिकअप आणि अॅव्हरेज कमी होईल या भीतीने बऱ्याच जणांनी चालढकल केली.

पण ट्यूनरांना या प्रकरणाचा आधार घेता येत नाही, कारण त्यांच्यातल्या अनेकांनी ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करण्याचं आणि डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकण्याचं काम उघडपणे केलं. ते फक्त ताकदीचं काम नाही, ते इतरांच्या फुप्फुसांवर केलेलं काम आहे. पीयूसीत ते पकडलं जात नाही. डिझेलच्या पीयूसीत उभ्या गाडीची न्यूट्रलमध्ये रेस वाढवून धुराची घनता मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ताकद वाढवणं आणि उत्सर्जनाचे भाग उखडणं या दोन गोष्टी कायद्यात वेगळ्या केल्या पाहिजेत, आणि धंद्यानेही त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजे होत्या.

एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ हे उत्सर्जनाचं नवं मानक आलं आणि छोट्या डिझेलचा काळ जवळजवळ संपला. १२४८ सीसीचं इंजिन स्विफ्टमधून गेलं, चाकणचं १.५ टीडीआयही गेलं. रिमॅपची गिऱ्हाइकी १ लिटर टर्बो पेट्रोलकडे वळली आणि तिथे प्रश्न धुराऐवजी नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल आपोआप अवेळी पेटण्याचा झाला. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई-पुण्यासह काही शहरांत नॉकिंगला जास्त दाद न देणारं १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळू लागलं, त्याच्या भरवशावर वेगळ्या फाइली बनल्या. पण ती फाइल टाकून साताऱ्याच्या पुढे गेलात आणि साधं पेट्रोल भरावं लागलं, तर ठिणगी उशिरा पाडून इंजिन स्वतःला वाचवतं आणि वाढलेली ताकद जाते. ईसीयूचं कुलूपही घट्ट झालं आहे. ओबीडी पोर्टमधून, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या जोडणीतून, सरळ लिहिण्याचे दिवस बऱ्याच नव्या गाड्यांत गेले. ईसीयू काढून टेबलावर उघडावा लागतो, आणि काही जर्मन गाड्यांत बदललेली फाइल शोरूमच्या यंत्रणेला दिसली की वॉरंटीवर ‘टीडी १’ची, म्हणजे फाइल बदलल्याची, खूण पडते.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तरी १२०० आणि १५०० सीसीची रेघ तशीच राहिली. रेघेच्या आतल्या छोट्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या गाडीला ४०. छोटं इंजिन आणि मोठा टर्बो हे गणित त्यामुळे चालूच राहणार. दुसरीकडे २०१० च्या आसपासच्या स्विफ्ट आणि लिनिया आता १५ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क आहे आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथे इंजिन नंबर आणि चासी नंबर पडताळतात, दिवे आणि ब्रेक पाहतात. ईसीयूत कोणती फाइल आहे ते पाहत नाहीत.