तटबंध फुटायला पाणी माथ्यावरून जावे लागत नाही

पाणी माथ्यावरून वाहू लागले तरच नदीचा तटबंध फुटतो, हा वर्षानुवर्षे सांगितला जाणारा समज चुकीचा आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा तटबंध फुटून बिहारमधील लाखो माणसे बेघर झाली, तेव्हा सुमारे ९.५ लाख क्युसेकसाठी बांधलेल्या त्या व्यवस्थेतून जेमतेम दीड लाख क्युसेकच्या आसपास पाणी वाहत होते. प्रवाहाने पायथाच कुरतडला होता. दुसरा, अधिक फसवा धोका झिरपणीचा. तटबंधाच्या जमिनीकडील पायथ्याशी फुटलेल्या झऱ्याचे पाणी गढूळ होऊन तोंडाभोवती वाळूचे लहानसे वारूळ साचू लागले, तर आतली माती वाहून जात आहे हे निश्चित समजावे. ते तोंड बुजवू नये, कारण पाणी दुसरीकडून वाट काढते. भोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचून, पाणी नितळ होईपर्यंत, आतली पातळी वाढू द्यावी.