वील्डन घर

आग्नेय इंग्लंडमधील, मुख्यतः केंट व ससेक्स परगण्यांतील, ओकच्या लाकडी सांगाड्याचे शेतघर. सधन शेतकऱ्यांनी अशी घरे १४ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६ व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बांधली.

मधोमध जमिनीपासून छपरापर्यंत मोकळे दालन आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या अशी रचना असते. टोकांचे माळे दर्शनी बाजूस पुढे काढलेले असतात, मधले दालन मात्र आत राहते. तिन्हींवर छप्पर एकच असल्याने दालनासमोरची वळचण अधांतरी पडते. तिची तुळई बाकदार आधार-लाकडांनी तोललेली असते. घर ओळखायची खूण हीच. दालनात जमिनीवरच चूल. धुराडे नव्हते, धूर छपराच्या फटींतून जाई. खिडक्यांना काच नसे. उभे लाकडी गज आणि आतून झडपा.

ओक ओलाच घडवत, कारण वाळल्यावर तो हत्याराला दाद देत नाही. सांधा खाच-कुशीचा, म्हणजे एका लाकडाचे निमुळते केलेले टोक (कुशी) दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला. कुशीतले भोक खाचेच्या भोकापेक्षा किंचित कुशीच्या मुळाकडे पाडतात; त्यामुळे खुंटी ठोकताच सांधा आवळला जातो. खांब बहुधा उलटे, बुंधा वर करून उभारत. रुंद डोक्यावर भिंतमाथ्याची तुळई आणि आडवी तुळई दोन्ही बसतात. छपराच्या माथ्याला आढ्याची तुळई नसते. आडव्या तुळईच्या मध्यावरचा खुजा खांब छपराच्या पोटातली लांब तुळई पेलतो आणि वाशांच्या जोड्यांना बांधणारी आडवी लाकडे तिच्यावर टेकतात.

चौकटींत कुडाच्या भिंती भरत : ओकचे दांडके, हेझलच्या फोकांचे विणकाम, त्यावर माती, पेंढा व शेण यांचा लेप आणि चुन्याची सफेदी. काळे लाकूड-पांढरी भिंत हा थाट या भागात बराचसा व्हिक्टोरियन काळाचा. मुळात ओक उघडाच राही आणि करडा पडे.

केंटमधील चिडिंगस्टोनचे ‘बेलीफ’ हे उत्तम उदाहरण. बो बीच जलाशयामुळे ते सुटे करून ससेक्समधील सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभारले. वृक्षवलयांवरून दालनाकडचा भाग १४०५–३० चा, तर मालकाच्या खोल्यांच्या टोकाचा भाग १५०५–१० चा ठरतो.

पुढे बहुतेक घरांत दालनाला माळा घालून विटांचे धुराडे बांधले गेले. माळ्यावरचे काजळलेले वासे जुन्या चुलीचा भक्कम पुरावा असतात. ते घासून साफ करणे म्हणजे पुरावाच पुसणे. खरा घात सिमेंटचा गिलावा करतो. त्याच्या बारीक भेगांतून पाणी शिरते, पण बाहेर पडत नाही, आणि पायथ्याची तुळई व तिच्यातील कुशी कुजतात. दुरुस्तीत कुजका भाग तेवढाच कापून नवा ओक सांधतात आणि गिलावा चुन्याचाच करतात.