१०५ अंशांवर उडालं तो सगळा ओलावा नव्हे

मोरचुदाचा (निळ्या कॉपर सल्फेटचा) नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवायचा, वजन २९ टक्क्यांनी उतरलं की ‘माल ओला निघाला’ म्हणत व्यापाऱ्याच्या नावाने खडे फोडायचे, हा प्रकार आता पुरे झाला. माल बहुतेक वेळा कोरडा ठणठणीत असतो. शुद्ध, कोरड्या मोरचुदात वजनाने ३६ टक्के पाणी असतंच आणि त्यातलं बरंचसं एवढ्या तापमानाला निघूनही जातं.

ओलावा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. पावसाळ्यात दमट होणारं मीठ, नीट न वाळलेलं धान्य, शेतातून आणलेली माती. तो हवेवर ठरतो; रत्नागिरीच्या जुलैत एक आणि अकोल्याच्या मे महिन्यात दुसराच.

स्फटिकजल म्हणजे स्फटिकाच्या रचनेतच ठरावीक प्रमाणात बांधलेलं पाणी. त्याला हवामानाशी देणंघेणं नसतं, निदान स्फटिक शाबूत आहे तोवर. मोरचुदात कॉपर सल्फेटच्या एका एककामागे पाण्याचे पाच रेणू, हिराकशीत फेरस सल्फेटमागे सात, धुण्याच्या सोड्यात दहा, तुरटीत बारा. भिजून आलेल्या माणसाच्या कपड्यांतलं पाणी आणि त्याच्या अंगातलं पाणी, एवढा हा फरक आहे. इथवर सगळ्यांना पटतं. घोळ होतो तो पुढे.

पाणी १०० अंशांना उकळतं, तेव्हा १०५पर्यंत गेलं ते मोकळं पाणी आणि त्यानंतर गेलं ते बांधलेलं, असा हिशेब लोक मनात धरून बसतात. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. १०० हा मोकळ्या, द्रवरूप पाण्याचा उत्कलनबिंदू. स्फटिकात बसलेलं पाणी कधी सुटणार हे त्या त्या क्षारावर ठरतं. धुण्याचा सोडा कोरड्या हवेत नुसता उघडा ठेवला तरी दहापैकी नऊ रेणू सोडून देतो आणि त्याच्या काचेसारख्या खड्यांचं पीठ होतं. आच लागतच नाही. मोरचुदाचे दोन रेणू साधारण ६३ अंशांना, आणखी दोन १०९च्या आसपास सुटतात, पण पाचवा २०० अंशांपर्यंत चिकटून राहतो. म्हणजे १०५-११०च्या ओव्हनमध्ये नमुना पुरेसा वेळ ठेवला तर पाचपैकी चार रेणू जातात. त्याचेच ते २९ टक्के! हा आकडा ओलावाही नाही आणि एकूण स्फटिकजलही नाही. जिप्सम असलेल्या मातीचा ओलावा काढताना ती ६० ते ८० अंशांवरच वाळवतात ती याच कारणाने. नाहीतर जिप्समचं स्वतःचं पाणी मातीच्या खात्यावर जमा होतं.

थोडक्यात, ओलावा संपून स्फटिकजल सुरू झालं असं सांगणारी रेघ थर्मामीटरवर कुठेही नाही. तराजू तर फक्त ‘इतकं गेलं’ एवढंच सांगतो.

आता याची झळ किती बसते ते पाहा. मोरचुदात एका एककामागे पाण्याचे रेणू किती, हे वजनावरून काढायचंय असं धरा. २.५० ग्रॅम मोरचूद घेतलं, त्यात फक्त ४ टक्के ओलावा होता. म्हणजे ०.१० ग्रॅम नुसती ओल. नीट तापवल्यावर उरलं १.५३४ ग्रॅम पांढरं निर्जल कॉपर सल्फेट, गेलं ०.९६६ ग्रॅम. दोन्हींचे मोल (रेणूंच्या संख्येचं माप) काढून पाण्याच्या मोलना क्षाराच्या मोलनी भागलं की उत्तर येतं ५.५८. चार टक्के ओलीने अर्ध्याहून जास्त रेणू फुकटात वाढवला. उलट बाजूने, कोरडाच नमुना घेतला पण चार रेणू गेल्यावर तापवणं थांबवलं, तर उत्तर चारही येत नाही, ३.६ येतं, कारण उरलेला पाचवा रेणू निर्जल कॉपर सल्फेट म्हणून मोजला जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नमुना ओला आणि तापवणंही अर्धवट, असं दोन्ही जमून आलं तर नेमकं ५ येऊ शकतं. वहीत ५.०० पाहून बरोबरची खूण करणाऱ्या शिक्षकांवर माझा राग आहे तो यासाठी.

म्हणून दोन्ही पाणी वेगळं करायचं ते तापवण्याआधी. स्फटिक फिल्टर पेपरच्या घड्यांत दाबून टिपायचे, मग खोलीच्या हवेत पातळ पसरून वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचे. मोरचूद साध्या हवेत टिकून राहतं, त्यामुळे हे चालतं. धुण्याच्या सोड्याला ही युक्ती लावू नका. ‘आधी जरा ओव्हनमध्ये सुकवून घेऊ’ हा आगाऊपणा तर मुळीच नको.

‘पांढरं पडलं की झालं’ हाही असाच एक भ्रम. एक रेणू शिल्लक असतानाही पूड जवळपास पांढरीच दिसते. २२० ते २५० अंशांवर वाळूच्या थाळीत तापवा, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, वजन करा, पुन्हा तापवा. लागोपाठ दोन वजनं जुळेपर्यंत. थेट बर्नरची ज्योत मला पसंत नाही. आच फार वाढली की पूड काळी पडू लागते, नाकाला झोंबणारा धूर येतो आणि पाण्यासोबत सल्फर ट्रायऑक्साइडही वजनातून वजा होतं. गरम क्रुसिबल (तापवायची मूस) तराजूवर ठेवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यातून उठणारी गरम हवा वजन कमी दाखवते.



द्राक्षबागेवाल्यांसाठी मात्र एक गोष्ट. बोर्डोचं, म्हणजे बुरशीवर फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचं, प्रमाण निळ्या मोरचुदावर बसवलेलं असतं. कुणी ते पूर्ण निर्जल होईपर्यंत तापवून किलोला किलो घातलं, तर तांबं दीडपटीहून जास्त पडतं.

राहिलं तव्यावर तडतडणारं जाडं मीठ. त्यालाही लोक स्फटिकजल म्हणतात. सोडियम क्लोराइडच्या खड्यात स्फटिकजल अजिबात नसतं. खडा बनताना पोकळ्यांत अडकलेलं खारं पाणी वाफ होऊन तो फोडतं. ते ओलाव्याच्याच खात्यात मोजायचं, फक्त फिल्टर पेपरने टिपता येत नाही. खडा कुटून वाळवावा लागतो.