तान्ह्या बाळाची गोधडी (खान्देश)

जुन्या सुती कापडाचे तीन ते सात पदर एकावर एक अंथरून, हाताने धावदोरा घालून शिवलेले बाळाचे अंथरूण-पांघरूण. गोधडी महाराष्ट्रभर शिवतात; ही नोंद जळगाव, धुळे, नंदुरबार आणि त्यांना लागून असलेल्या मालेगाव-बागलाण पट्ट्यातल्या घरगुती पद्धतीची आहे. तिच्यात पिंजलेला कापूस भरत नाहीत. कापूस पिकवणाऱ्या मुलखात याचे नवल वाटेल, पण कारण साधे आहे. भरलेली दुलई धुतली की कापसाचे गोळे होतात आणि ती पुन्हा पिंजाऱ्याकडे न्यावी लागते. तान्ह्याचे अंथरूण तर दिवसातून दोन-तीनदा धुवावे लागते.

पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे पहिली गोधडी बहुधा बाळाच्या आईच्या आईकडे किंवा आजीकडे तयार होते. सासरची येते ती बारशाला. बाळ जन्मायच्या आधी नवे कपडे घरात आणू नयेत असे अनेक घरांत मानतात. जुन्या कापडाला ही आडकाठी नाही, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच गोधड्या शिवायला घेता येतात. आंडोर (मुलगा) होवो की आंडेर (मुलगी), गोधडी तीच. शिवणकामाला सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मागचा-पुढचा. लेकी माहेरी आलेल्या असतात, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही आणि धुतलेले कापड तासाभरात कडकडीत वाळते. पावसाळ्यात शिवायला बसणे म्हणजे दमट कापड पदरांत कोंडणे. त्याचा कुबट वास पुढे किती धुतले तरी जात नाही.

घराची परंपरा टिकते ती गोधडीच्या पोटात. एखाद्या मुलाची गोधडी जपून कपाटात ठेवण्याची रीत इथे नाही. ती वापरून विरते. विरलेली गोधडी उसवून तिचे बरे राहिलेले पदर नव्या गोधडीच्या मधल्या थरात घालतात, वर-खाली तुलनेने मजबूत कापड घेतात. त्यामुळे आजीच्या लुगड्याचा तुकडा नातवंडाच्या अंथरुणात सापडतो. याला मर्यादा आहे. तुकडा दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून उजेडासमोर हलके ताणावा. विण नुसती विरळ दिसली तर पोटात चालते. ताणताच चर्र आवाज करून फाटली तर तो तुकडा लंगोटाला किंवा पुसायला घ्यावा. भावनेपोटी असे कुजके कापड आत घातले, तर दोन-तीन धुण्यांत त्याचा चुरा एका कोपऱ्यात गोळा होतो आणि बाळाच्या पाठीला गाठ टोचते.

कापड. नऊवारी सुती लुगडे सर्वांत चांगले, त्याखालोखाल धोतर, पंचा, मऊ झालेल्या चादरी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. काठ काढून त्याचे ७५ सेंटिमीटरचे तुकडे पाडले तर दहा-अकरा निघतात, पण बसण्याच्या जागेचा आणि टाचेजवळचा भाग झिजलेला असतो. हाताशी सहा-सात तुकडे लागले तरी पुष्कळ. तेवढ्यात उन्हाळ्याच्या दोन गोधड्या किंवा थंडीची एक होते. काठ आणि जरीचा पदर आत घेऊ नये: काठाची वीण दाट असते, तो मधल्या कापडाइतका आटत नाही आणि धुतल्यावर तिथे चुण्या पडतात, जरीचा धागा तर सरळ टोचतो.

खरी अडचण आज इथेच आहे. घरातल्या साड्या बहुतेक पॉलिस्टरच्या, शर्ट टेरिकॉटचे. हे कापड ओल शोषत नाही. लघवी वरच राहते आणि अंगावर पुरळ उठते. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बाळ त्यावर घामाघूम होते ते वेगळेच. सुती आणि टेरिकॉट एकत्र शिवले तर सुती आटते, टेरिकॉट आटत नाही, आणि पहिल्या धुण्यातच फुगे येतात. अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्यांचे सुती कापड ज्या पिढीने नेसले-पांघरले, तिच्या पेट्या रिकाम्या झाल्यावर मांजरपाट किंवा मलमल विकत आणून गोधडी शिवणे भाग पडते. यात कमीपणा काही नाही. मात्र कोरे कापड रात्रभर पाण्यात भिजवून, दोनदा गरम पाण्यात धुऊन, खळ पूर्ण काढूनच कापावे. खळ असेपर्यंत ते कडक लागते आणि न आटवता शिवले तर पुढे आटून गोधडी वेडीवाकडी होते.

लाल, काळ्या आणि गडद निळ्या तुकड्यांचा रंग आधी तपासावा: ओल्या पांढऱ्या फडक्याने अर्धा मिनिट चोळायचे, फडके रंगले तर तुकडा बाद. मिठाच्या पाण्यात बुडवला की रंग पक्का होतो ही समजूत आहे. तयार कापडाच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये.

माप आणि पदर. रोजच्या गोधडीचे माप दीड हात रुंद, दोन हात लांब, म्हणजे साधारण ७० × ९० सेंटिमीटर. कापताना चारी बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जास्त धरतात. उन्हाळ्याला तीन पदर, रोजच्या वापराला चार-पाच, थंडीला सहा-सात. सातपुड्याच्या कुशीतल्या, तोरणमाळकडच्या गावांत थंडी जास्त, तिथे सात पदर लागतात. भुसावळला तेवढे घातले तर गोधडी वर्षातले बरेच महिने घडी घालून पडून राहील. सातच्या वर कुठेच जाऊ नये. सुई आरपार जात नाही, टाके वर मोठे आणि खाली तुटक पडतात, आणि मधला पदर कधी वाळतच नाही.

अंथरणे आणि कच्चा टाका. झाडून पुसलेल्या फरशीवर खालचा पदर सुलट बाजू जमिनीकडे करून पसरतात. कोपऱ्यांवर वजन ठेवतात, वरवंटा चालतो. त्यावर एकेक पदर हाताने मधून बाहेर सारत बसवायचा. तुकडे जोडावे लागले तर बोटभर एकमेकांवर चढवावेत, पण एका पदराचा जोड दुसऱ्याच्या जोडावर येऊ देऊ नये, नाहीतर तिथे वळ उठतो. सगळ्यात वर अखंड, मऊ, फिक्या रंगाचा पदर. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालतात, मध्यापासून सुरू करून चारी बाजूंना. घाईत ही पायरीच गाळतात. कडेपासून फेर धरत आत गेले की सगळा ढिलेपणा मध्ये जमतो आणि शेवटी बरोबर मधोमध फुगा उभा राहतो. तो नंतर दाबून जात नाही, उसवावेच लागते.

टाके. दोरा सुती, दुहेरी आणि हातभरापेक्षा फार लांब नको. लांब दोऱ्याला पीळ बसून गाठी पडतात. नायलॉनचा दोरा तुटत नाही म्हणून चांगला वाटतो, पण जुने कापड त्याच्यापेक्षा नरम असते आणि तो ते सुरीसारखे कापत जातो. सुईवर चार-पाच टाके भरून मग ओढायची. टाका अर्ध्या सेंटिमीटरचा, दोन ओळींत बोटभर, फार तर दोन सेंटिमीटर अंतर. अंतर वाढले तर धुताना पदर आतल्या आत सरकतात. गाठ वर कधी ठेवायची नाही: ती पहिल्या दोन पदरांच्या मध्ये ओढून घ्यायची आणि दोरा संपताना एक उलटा टाका घेऊन शेपूट आत लोटायची. मधल्या बोटात अंगुस्तान नसेल तर चार पदरांनंतर बोटाला भोक पडलेच समजा.

दोन सेंटिमीटरच्या हिशेबाने ७० × ९० च्या गोधडीत ३४-३५ ओळी, म्हणजे तीस मीटरच्या आसपास शिवण होते. दुहेरी दोऱ्याने शंभर मीटरचे एक रीळ जवळजवळ संपते. सराईत हाताला चार-पाच दुपारी लागतात. दोरा ओढून घट्ट करण्याचा मोह टाळावा. पहिल्या धुण्यानंतर कापड जरा आटून टाक्यांभोवती बारीक सुरकुती येते, ती हवीच, तिनेच गोधडी उबदार होते. पण शिवतानाच चुण्या दिसू लागल्या तर टाका घट्ट आहे.

कडेला गोट लावतात. घेर ३.२ मीटर, तेव्हा पाच सेंटिमीटर रुंदीची साडेतीन मीटर पट्टी लागते. झिजण्याची सुरुवात कडेपासूनच होते, म्हणून पट्टी नेहमी चांगल्या कापडाची घ्यावी. फाटली की तेवढीच बदलता येते. कोपऱ्यांवर त्रिकोणी ठिगळ घालतात ते शोभेला आणि मजबुतीलाही. काही घरांत या ठिगळाचा रंग ठरलेला असतो आणि त्यावरून गोधडी कोणाकडची ते ओळखतात. आरसे, टिकल्या, मणी, बटणे, लोंबते गोंडे मात्र बाळाच्या गोधडीला नकोत. काम उठवण्याआधी सुया मोजाव्यात. चार जणी शिवायला असल्या की एखादी सुई पदरांत राहून जाते. लोहचुंबक फिरवले तर सापडते.

वापर. ती मुख्यतः खाली घालायची वस्तू आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाजवळ झोपेत सैल पांघरूण असू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. थंडीत अंगावर घालायचीच झाली तर बाळ नजरेसमोर असताना, छातीपर्यंत. उशीऐवजी घडी करून डोक्याखाली देणेही टाळावे. ओली झाली की आधी गार पाण्यात खळबळून मग साबण लावतात. मालिशचे तेल साचून खवट वास येऊ लागला तर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात तासभर भिजवून भरपूर पाण्याने काढावी. साबणाचा अंश राहिला तर चट्टे उठतात. पिळू नये, दाबून पाणी काढावे. जुना दोरा पिळण्यातच तुटतो. वाळवताना दोन्ही बाजूंना ऊन लागले पाहिजे. पावसाळ्यात पाच पदरी गोधडी वाळायला दोन दिवसही लागतात, म्हणून त्या दिवसांतल्या बाळाला तीन पदरी चार-पाच गोधड्या आणि डझनभर दुपटी असणे बरे.

ठेवताना डांबराच्या गोळ्या घालू नयेत. त्यातल्या नॅप्थलीनमुळे जी-६-पी-डी या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता बाळाकडे पाहून कळत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला धुतलेल्या कापडात बांधून ठेवावा आणि वापरण्याआधी गोधडीला पुन्हा एकदा पाणी व ऊन दाखवावे.

गावोगाव फिरून मजुरीवर गोधड्या शिवणाऱ्या बायांकडूनही शिवून घेता येते. कापड आपले द्यावे आणि बाळासाठी आहे हे आधी सांगावे, कारण मोठ्या माणसाच्या गोधडीचा टाका लांब असतो. बाजारातल्या मशीनवर शिवलेल्या ‘बेबी गोधडी’चे वरचे कापड सुती असले तरी आत बहुधा कृत्रिम तंतूंची चादर असते. कोपऱ्याचे दोन टाके उसवून आतला तंतू बोटांत चुरडून पाहावा. सुळसुळीत आणि चकचकीत लागला तर ती खान्देशच्या उन्हाळ्यात बाळाखाली घालायच्या कामाची नाही.