विमान जमिनीवरून उडवण्याची शंभर वर्षे

जून-जुलैच्या पावसात दाबोळी विमानतळावर उतरता न आलेले विमान दुसऱ्या शहराकडे वळवले की गोव्यात एक प्रश्न हमखास निघतो : वैमानिकाला दिसत नसेल, तर विमान खालूनच रिमोटने का उतरवत नाहीत? घरात तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, असेल आणि त्याची जहाजावर रुजू होण्याची तारीख ठरलेली असेल, तर हा प्रश्न अगदी जिवाचा होतो.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. धुक्यापावसात आपोआप उतरणे हे विमानातल्याच ऑटोपायलटचे काम. प्रवासी घेऊन आलेल्या ट्रायडंट विमानाची चाके १० जून १९६५ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर अशीच आपोआप टेकली होती. त्यासाठी धावपट्टीवर अतिशय अचूक संदेशयंत्रणा लागते. जमिनीवर बसलेल्या माणसाने विमान हाकणे ही वेगळी विद्या आणि तिचा जन्म लष्करात झाला. दाबोळीला नौदलाच्याच तळावर, ‘आयएनएस हंसा’वर, प्रवासी विमाने उतरताना रोज पाहणाऱ्या वास्कोकरांना याचे नवल वाटू नये.

ब्रिटनमध्ये आर्चिबाल्ड लो यांनी १९१७ साली रेडिओने चालणारे विमान उडवून पाहिले. १९३५ मध्ये टायगर मॉथ या प्रशिक्षण विमानाची ‘क्वीन बी’ ही वैमानिकाविना उडणारी आवृत्ती आली. तोफचींच्या नेमबाजीसाठी ते लक्ष्य होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जुनी बॉम्बर विमाने स्फोटकांनी भरली. वैमानिकांनी ती वर नेऊन पॅराशूटने उडी मारायची आणि पुढे मागच्या विमानातून रेडिओने ती शत्रूवर सोडायची, असा बेत होता. १२ ऑगस्ट १९४४ रोजी असे एक विमान उडी मारण्याआधीच फुटले. त्यात दोघे गेले. एक होता जॉन केनेडींचा थोरला भाऊ जोसेफ.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका दिवस १ डिसेंबर १९८४. प्रवासी वाहतुकीचे, चार इंजिनांचे बोईंग ७२० नासा आणि अमेरिकी हवाई वाहतूक प्रशासनाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात मुद्दाम आपटले. आत फक्त पुतळे. अपघातात कमी पेटेल अशा इंधनाची ती परीक्षा होती. फिट्झ्यू फुल्टन हे मुरलेले वैमानिक जमिनीवरून विमान चालवत होते. त्याआधी आत वैमानिक बसवून १४ उड्डाणे झाली होती. तरीही शेवटच्या क्षणांत विमान डोलू लागले, डावा पंख आधी टेकला, प्रचंड भडका उडाला आणि आग विझवायला तासाहून अधिक वेळ लागला.

११ सप्टेंबर २००१ नंतर हा विषय राजकारणात आला. अपहृत विमान जमिनीवरून ताब्यात घेऊन उतरवण्याचे तंत्र शोधू, असे अध्यक्ष बुश यांनी त्याच महिन्यात जाहीर केले. २००६ मध्ये बोईंगला अशा ऑटोपायलटचे पेटंट मिळाले, जो एकदा सुरू झाला की विमानातल्या कोणालाही बंद करता येणार नाही. मलेशियाचे एमएच ३७० हे प्रवासी विमान बेपत्ता झाल्यावर व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या कहाण्यांचे मूळ बरेचसे या कागदात आहे. पण पेटंट मिळणे म्हणजे यंत्र विमानात बसवणे नव्हे.

खरी अडचण जमीन आणि विमान यांना जोडणाऱ्या दुव्याची. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. त्याच्यामार्फत हुकूम जाऊन विमानाचे उत्तर परत यायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. आडव्या वाऱ्यात चाके टेकवताना एवढा उशीर चालत नाही. शिवाय तो दुवा तुटू शकतो, कोणी बळकावूही शकतो. अपहरणकर्त्याला रोखण्यासाठी ठेवलेले दार दुसऱ्यासाठी उघडे राहते, ही वैमानिकांची भीती मला रास्त वाटते.

म्हणूनच प्रगती बेताने होते आहे. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये एक जेटस्ट्रीम विमान जमिनीवरून चालवत स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसपर्यंत नेले, पण आत वैमानिक होते. २०२३ मध्ये अमेरिकेत सेसना कॅराव्हॅन हे छोटे विमान आत कोणीही नसताना उडून उतरले. ते बनवणाऱ्यांचा पहिला रोख मालवाहतुकीवर आहे.