ग्रॅफाइट आणि सीएफसी: रंग एक, रसायन एक, पण मोडायची तऱ्हा वेगळी

काळी प्लेट हातात घ्या आणि बोटाच्या पेराने टकटक करून बघा. चिनी मातीच्या बशीसारखा खणखणीत आवाज आला तर बहुतेक ग्रॅफाइट. प्लायवूडवर ठोकल्यासारखा बद्द आवाज आला तर सीएफसी, म्हणजे कार्बन फायबरने मजबूत केलेला कार्बन, ज्याला कोणी कार्बन-कार्बन म्हणतं, कोणी सीसी म्हणतं आणि बरेच जण नुसतं 'कार्बन' म्हणतात, तिथेच घोळ सुरू होतो कारण ग्रॅफाइटलाही लोक 'कार्बन'च म्हणतात. परचेसला निरोप जातो की फर्नेससाठी, म्हणजे धातूचे पार्ट ट्रेवर ठेवून तापवायच्या भट्टीसाठी, कार्बनचे ट्रे मागवा, तीन कोटेशन येतात, एक ग्रॅफाइटचं, दोन सीएफसीची, भावात कैक पट फरक, आणि मग मीटिंगमध्ये सगळे विचारतात की दिसायला तर सारखंच आहे, हे एवढं महाग का?

आवाजावर भरवसा नसेल तर कड बघा. सीएफसीच्या कापलेल्या कडेला थर दिसतात, भिंगातून तर कापडाची वीणच दिसते. ग्रॅफाइटची कड एकसंध, बारीक दाण्याची. आणि वजन करा: चांगलं आयसोस्टॅटिक ग्रॅफाइट (पावडर सगळ्या बाजूंनी सारखी दाबून केलेलं, थोडक्यात 'आयसो') १.७५ ते १.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, सीएफसी साधारण १.४ ते १.६. (सायकलच्या फ्रेममधलं कार्बन फायबर हा तिसराच प्राणी, त्यात फायबर कार्बनचा पण मधला भराव इपॉक्सीचा, दोनेकशे डिग्रीतच त्याचा जीव जातो. आणि सीएफसी म्हटल्यावर फ्रिजमधला गॅस आठवणारेही भेटतात, असो.)

सीएफसीत मधला भरावसुद्धा कार्बनचाच असतो. कार्बन फायबरच्या कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून दाबायचे, मग हवेशिवाय हजारेक डिग्रीला रेझिन जाळून त्याचा कोळसा करायचा, त्यात पोकळ्या राहतात म्हणून परत रेझिन किंवा पिच (डांबरासारखा पदार्थ) भरायचं, परत जाळायचं, असं तीन-चार वेळा, नाहीतर मिथेनसारख्या वायूतून कार्बन आत बसवायचा, आणि शेवटी दोन हजारच्या वर नेऊन पक्कं करायचं. हे सगळं आठवड्यांचं काम आहे, महाग का याचं उत्तर बरंचसं इथेच मिळतं.

आता मुद्द्याचं. ग्रॅफाइट हा दगड आहे आणि सीएफसी हे प्लायवूड आहे. रसायन दोघांचं एकच. म्हणून त्रास जर मोडण्याचा, वाकण्याचा, वजनाचा असेल तर सीएफसीकडे जाण्यात अर्थ आहे, पण त्रास जर पार्ट चिकटण्याचा किंवा ट्रे झिजून पातळ होण्याचा असेल तर जास्त पैसे मोजूनही तोच त्रास परत मिळणार. माझ्या बघण्यात निम्मे चुकीचे निर्णय इथेच होतात.

आधी मोडणं. आयसो ग्रॅफाइटची वाकवण्यातली ताकद ४० ते ६० मेगापास्कल, सीएफसीची १०० ते २०० च्या घरात. गंमत म्हणजे दोघंही गरम झाल्यावर कमजोर होत नाहीत, उलट दोन-अडीच हजार डिग्रीपर्यंत ताकद थोडी वाढतच जाते, स्टीलच्या अगदी उलट. म्हणजे ट्रे भट्टीत मोडत नाही. मोडतो कुठे? बाहेर, ट्रॉलीवरून उतरवताना, फोर्कलिफ्टचा काटा लागला की, घाईत आपटून ठेवला की. ग्रॅफाइटचा कोपरा आपटला की टवका उडतो आणि बारीक तडा जातो, तो डोळ्याला दिसत नाही, आणि चार चार्जनंतर (चार्ज म्हणजे भट्टीत एका वेळी भरलेला माल) ट्रे सरळ दोन तुकड्यांत. सीएफसी तसं एका झटक्यात तुटत नाही, कापडाचे धागे ओढून धरतात, कड चुरगळते, थर सुटायला लागतात, थोडक्यात मोडायच्या आधी सांगून मोडतं. रोबोटने किंवा क्रेनने रोज उचलायचा रॅक असेल तर या एकाच गुणासाठी मी सीएफसी घेईन.

पण प्लायवूड म्हटलं की प्लायवूडचे दोषही आलेच. थराच्या दिशेने ताकद भरपूर, थर एकमेकांपासून सोलायला गेलात तर जेमतेम १० मेगापास्कलच्या आसपास. म्हणून स्टीलच्या ट्रेचं ड्रॉइंग घेऊन नुसतं मटेरियलच्या रकान्यात 'सीएफसी' लिहिणं हा शुद्ध वेडेपणा. कडेत ड्रिल मारून आटे पाडले की बोल्ट घट्ट करतानाच थर फाकतात. आखूड जाड ठोकळ्यावर मोठं वजन दिलं की मधून आडवा सुटतो. त्याऐवजी पट्ट्या उभ्या कडेवर ठेवायच्या, अर्ध्या उंचीच्या खाचा मारून एकमेकींत अडकवायच्या, अंड्यांच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यासारख्या, म्हणजे वजन थरांच्या पातळीत येतं आणि जोडायला बोल्टही लागत नाही. फक्त खाचेच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई द्या आणि खाच मारल्यावर त्या जागी उंची निम्मीच उरते हे हिशोबात धरा, हे विसरलेली ड्रॉइंग मी बरीच पाहिली आहेत.

प्रसरणाचं बघा. ६०० मिलिमीटर लांबीचा ट्रे १००० डिग्रीने तापवला तर निकेल-क्रोम मिश्रधातूचा सुमारे ११ मिलिमीटर वाढतो, ग्रॅफाइटचा पावणेतीनच्या आसपास, आणि सीएफसीचा थराच्या दिशेने अर्धा-पाऊण मिलिमीटर. ११ मिलिमीटर रोज आत-बाहेर करणारा ट्रे कधीतरी वाकणारच, मग पार्ट तिरके बसतात, मग क्वेंचमध्ये, म्हणजे झटकन थंड करताना, पार्टही वाकतात. सीएफसी वर्षानुवर्षं सपाट राहतं. हा त्याचा खरा दागिना आहे, हलकेपणा नव्हे.

हलकेपणाचा हिशोब तर जरा फसवा आहे. ६०० बाय ४०० ची भरीव प्लेट धरू. मिश्रधातूची १० मिलिमीटर जाडीची केली तर १९ किलो, ग्रॅफाइट ठिसूळ म्हणून २० मिलिमीटर घेतलं तर साडेआठ किलो, सीएफसी ८ मिलिमीटरमध्ये तीन किलोच्या आत. वाटतं की ग्रॅफाइटने निम्म्याहून जास्त वजन वाचवलं. पण कार्बनचा एक किलो तापवायला धातूच्या जवळपास तिप्पट उष्णता लागते, म्हणजे एका डिग्रीला धातूची प्लेट साधारण साडेदहा किलोज्यूल घेते, ग्रॅफाइटची चौदाच्या जवळ आणि सीएफसीची साडेचारच्या आसपास. जाड ग्रॅफाइट ट्रे टाकून सायकल टाइम कमी होईल म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा. वजन कमी झालं, पण उष्णता जास्त खातोय. सीएफसीत मात्र बचत खरी आहे, आणि तेवढं वजन पार्टचं जास्त भरता येतं.

आता जिथे दोघंही एकाच माळेचे मणी आहेत तिकडे येऊ. कार्बन आणि लोखंड १,१५० डिग्रीच्या आसपास एकमेकांत वितळतात. लोखंड स्वतः १,५३८ ला वितळतं, पण कार्बनला चिकटून असेल तर चारेकशे डिग्री आधीच. एकदा बाराशेच्या चार्जमध्ये कोणीतरी मधली सिरॅमिकची चकती लावायला विसरलं, आम्ही भट्टी उघडली तर स्टीलच्या पार्टचा तळ मेणबत्तीसारखा ओघळून ट्रेमध्ये खड्डा करून बसलेला, कंट्रोलरवर तापमान अगदी बरोबर, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बरोबर, सगळे एकमेकांकडे बघतायत. ट्रे नवाकोरा सीएफसी होता, 'ग्रॅफाइटला चिकटतं म्हणून' मागवलेला. आगीतून फुफाट्यात! निकेलचंही तेच, फक्त १,३२० च्या पुढे. आणि वितळलं नाही तरी हजाराच्या आसपास टेकलेल्या जागी कार्बन स्टीलमध्ये शिरतोच, तिथे कडक ठिपके मिळतात. टायटॅनियम तर कार्बाइड बनवतं, त्याला कार्बनवर थेट ठेवूच नये.

उपाय दोघांनाही एकच, मध्ये काहीतरी घाला. ॲल्युमिनाच्या पट्ट्या किंवा चकत्या, बोरॉन नायट्राइडचा लेप, मॉलिब्डेनमची जाळी किंवा पत्रा. ॲल्युमिना व्हॅक्यूममध्ये फार वर नेलं की कार्बन त्यातला ऑक्सिजन ओढायला लागतो, त्यामुळे चौदा-पंधराशेच्या पुढे डोळे झाकून वापरू नका. निकेलच्या ब्रेझिंग फिलरमध्ये (पार्ट जोडायला वितळवतात त्या धातूत) क्रोमियम असतं ते कार्बनला छान भिजवतं, थेंब पडला की ट्रे गेला, तांबं मात्र कार्बनवर पाऱ्यासारखं गोळा होऊन राहतं. आणि हायड्रोजन असेल तर स्पर्शाशिवायही कार्बन प्रवास करतो, गरम कार्बनपासून थोडा मिथेन बनतो आणि तो पार्टवर कार्बन सोडतो, लो कार्बन स्टेनलेसवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरा सामाईक शत्रू हवा. ४०० ते ५०० डिग्रीच्या पुढे दोघंही हवेत हळूहळू जळतात, धूर नाही ज्योत नाही, नुसते विरतात. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या नाकावर आणि पंखांच्या पुढच्या कडांवर हेच कार्बन-कार्बन होतं, पण त्यावर सिलिकॉन कार्बाइडचा थर दिल्याशिवाय ते परत येताना टिकलं नसतं. ट्रेवर तोच थर द्यावा का असं लोक विचारतात. थर आणि आतलं सीएफसी यांचं प्रसरण जुळत नाही, थंड होताना बारीक भेगा पडतात, आणि वर लोखंड-निकेल सिलिकॉन कार्बाइडलाही खातं, त्यामुळे स्टीलचे पार्ट ठेवायचे असतील तर मी तरी त्या वाटेला जाणार नाही. त्यापेक्षा भट्टीचं लिकेज तपासा आणि ३०० च्या खाली आल्याशिवाय दार उघडू नका, घाईत साडेपाचशेला दार उघडणाऱ्या शिफ्टने जितके ट्रे खाल्लेत तितके कोणत्याच प्रोसेसने खाल्ले नसतील.

ऑइल क्वेंच असेल तर सीएफसीच्या पोकळ्यांत तेल शिरतं. वॉशिंग नीट नसेल तर पुढच्या चार्जला तेच तेल वाफ होऊन व्हॅक्यूम ओढू देत नाही. पाण्याचंही तसंच, धुतलेला किंवा पावसाळ्यात उघडा पडलेला ट्रे आधी १२० डिग्रीला वाळवून घ्या. आयसो ग्रॅफाइटही छिद्राळ असतं, फक्त छिद्रं जास्त बारीक. गॅस क्वेंचला, नायट्रोजनने, दोघांनाही काही होत नाही. शिवाय दोघंही वीज वाहतात, हीटिंग एलिमेंटला टेकले की ठिणगी.

मग ग्रॅफाइट कधी? पार्टच्या आकाराचे खोल खळगे हवेत, डाय हवी, जाड ठोकळा दाबाखाली वापरायचाय, जागेवरून फारसा हलवायचा नाही, तर सरळ ग्रॅफाइट. मशीनवर ते लोण्यासारखं कापलं जातं (धूळ मात्र कंट्रोल पॅनलमध्ये जाऊ देऊ नका), सीएफसीला डायमंड टूल लागतं आणि खोल खळगा मारला की नेमके धागेच कापले जातात, म्हणजे ज्याचे पैसे दिले तेच काढून टाकलं. लांब गाळ्याचे, रोज हाताळले जाणारे, रचून ठेवायचे रॅक असतील तर सीएफसी. आणि साडेनऊशेच्या खाली साध्या गॅस कार्ब्युरायझिंगला (वायूतून स्टीलच्या पृष्ठभागात कार्बन घालायला), ऑइल क्वेंचसकट, मिश्रधातूचा ट्रे अजूनही वाईट नाही. तिथल्या वायूत थोडा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ असतेच, ती कार्बनला कुरतडते.

ट्रे आला की पहिल्या दिवशी काट्यावर घालून वजन त्याच्या नंबरसमोर लिहून ठेवा आणि दर महिन्याला परत करा. जळण्यामुळे १० टक्के वजन गेलं तर ताकद ढोबळ मानाने निम्मी गेलेली असते, आणि जाडी मोजून हे कळत नाही कारण तो आतूनही जळतो. आमच्याकडे असा एक ट्रे व्हर्नियरवर अगदी नव्यासारखा मोजला जायचा, काट्यावर ठेवल्यावर भुसभुशीत निघाला.