दीड इंची की दोन इंची?

जिन्याला स्टीलचा कठडा करायला उद्यमनगरातल्या वर्कशॉपात गेलं, की हातात धरायचा पाईप पुष्कळदा दोन इंचीच पुढे केला जातो. दिसायला तो भारदस्त दिसतो, यात शंका नाही. पण त्याचा घेर सुमारे 16 सेंटिमीटर भरतो आणि बारीक चणीच्या आजीच्या मुठीत तो मावत नाही. अंगठा बोटांपर्यंत पोचत नाही, हात नुसता वर टेकलेला राहतो आणि तोल गेला की घसरतो. दीड इंची पाईपचा घेर 12 सेंटिमीटर. तो मुठीत बसतो, संधिवाताच्या बोटांनाही जोर कमी लागतो, शिवाय त्यात स्टील कमी. तरी निवड दोन इंचीचीच होते, कारण पसंत करणारा चाळिशीतला असतो आणि धरणाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं.

पॅट्रिशिया मूर न्यूयॉर्कमध्ये डिझायनर होती. संधिवात असलेल्या माणसाला हे फ्रिजचं दार उघडेल का, असं तिनं बैठकीत विचारलं, तर ‘अशा लोकांसाठी आपण डिझाइन करत नाही’ हे उत्तर मिळालं. 1979 ते 1982 या काळात तिनं म्हातारीचा वेश घेतला, कानात बोळे घातले, सांधे जखडून घेतले आणि अमेरिका-कॅनडातली शंभरावर शहरं पालथी घातली. असा वेश घेतल्यानं अडचण कळते. पण वर्षानुवर्षं त्या अडचणीसोबत राहून माणूस ज्या युक्त्या शोधतो, त्या कळत नाहीत. त्यासाठी खऱ्या म्हाताऱ्यांनाच कामात घ्यावं लागतं.

उलट चूकही तितकीच होते. म्हातारा म्हणजे पेशंट, असं धरून घरात दवाखान्यातल्यासारखे पांढरे दांडे ठोकतात. आबा म्हणतात, ‘मला काय धाड भरलीय?’ मग त्या दांड्यावर टॉवेल वाळत पडतात. 1990 साली ऑक्सो कंपनीनं भाजीची सालं काढायची जाड, मऊ मुठीची सोलाणी काढली, तिची प्रेरणा संधिवाताचे हात हीच होती. पण दुकानात ती साधी सोलाणी म्हणूनच ठेवली आणि सगळ्यांनीच घेतली.

तेव्हा कठडाही घराचाच वाटू दे. उंची पायरीच्या कडेपासून 85 ते 90 सेंटिमीटर, भिंतीपासून अंतर 5 सेंटिमीटर. शेवटच्या पायरीपुढे पाईप 30 सेंटिमीटर न्या आणि टोक भिंतीकडे वळवा, नाहीतर पदर अडकतो. कठडा दोन्ही बाजूंना हवा: लकव्यानं उजवा हात गेला असेल, तर चढताना उपयोगी पडणारा डावीकडचा कठडा उतरताना त्याच निकामी हाताकडे येतो. पेठांतल्या जुन्या मातीच्या भिंतीत अँकर बोल्ट (भोकात फुगून घट्ट बसणारा) धरत नाही. गिलाव्यासकट उपसून येतो. तिथं भिंत आरपार भोकून पलीकडून लोखंडी पट्टी देऊनच नट आवळावा. आधाराच्या दांड्यानं 110 किलोचा ओढा सहन करायला हवा.

कडप्प्याच्या काळ्या पायऱ्यांचं दुखणं वेगळं. साठीतल्या डोळ्यात विशीच्या मानानं जेमतेम तिसरा हिस्सा उजेड पोचतो: बाहुली लहान झालेली असते, भिंग पिवळट. उतरताना पायरी कुठं संपली हे दिसतच नाही. कडेला पाच सेंटिमीटर रुंदीची पिवळी, खरखरीत पट्टी लावा. दिवा मोठा करून भागत नाही. उघडा बल्ब समोर आला तर भिंगात उजेड पसरून उलट डोळे दिपतात. झाकलेला दिवा घ्या, बटण वर-खाली दोन्हीकडे द्या.

वेल्डिंगआधी पाईप तारेनं बांधून बघा. ‘कसं वाटतंय?’ विचारलं तर ‘बरं हाय की’ एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा आजींना एका हातात भाजीची पिशवी देऊन, दुसरा हात ओला करून खाली उतरू द्या. हात आपणहून कुठं जातो तिथं भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा आणि कठडा त्या उंचीला घ्या, मग माप दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी चालेल.